‘नांदत नाही’ की ‘नांदवत नाही’: पक्षकाराचा शब्द कागदावर कसा उतरवावा

पुण्यात शिकून बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात नव्याने काम सुरू केलेल्या एका वकीलताईंनी विचारलं आहे: ‘विधी सेवेमार्फत बायका येतात, शेतकरी येतात, ऊसतोड कामगार येतात. ते सांगतात त्यातलं निम्मं मला कळत नाही. जे कळतं ते तसंच लिहिलं तर अर्ज गावंढळ दिसतो. शुद्ध करून लिहिलं तर काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. अशा वेळी काय करावं?’

ताई, निसटल्यासारखं वाटतं ना, ते खरोखर निसटलेलं असतं. मी एकतीस वर्षं तहसीलच्या आवारात बसून लोकांचे अर्ज, जबाब, शपथपत्रं लिहितोय. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. म्हातारी माणसं मला अजून अर्जनवीस म्हणतात, नवी पोरं ‘बॉण्डवाले काका’ म्हणतात. इतक्या वर्षांत माझा एकच नियम पक्का झालाय. त्यांचा शब्द आधी लिहायचा, आपला शब्द त्याच्या शेजारी ठेवायचा आणि दोन्ही कागदावर राहू द्यायचे. हा नियम मला एका चुकीने शिकवला. ती चूक आधी सांगतो.

पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. एका वाडीवरची बाई पोटगीचा अर्ज लिहून घ्यायला आली होती. कडेला पोरगी, हातात पिशवी. ती म्हणाली, ‘सासरचे नांदवीनात.’ मी नवा होतो, हात भरभर चालायचा. मी टाइप केलं, ‘अर्जदार ही सध्या सासरी नांदत नाही.’ वाचायला बरं, व्याकरणाला बरोबर. फक्त एक ‘व’ गेला.

तो ‘व’ किती मोठा होता ते नंतर कळलं. ‘नांदवत नाही’ म्हणजे नवरा ठेवून घेत नाही. ‘नांदत नाही’ म्हणजे तीच राहत नाही. पोटगीच्या कायद्यात पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. दोन्हीकडे एक गोष्ट कायम आहे: पुरेशा कारणाशिवाय बायको नवऱ्याकडे राहायला नकार देत असेल, तर तिला पोटगी मिळत नाही. समोरच्या वकिलांनी माझंच वाक्य उचललं आणि म्हणाले, ही स्वतःच लिहून देते की मी नांदत नाही. बाई उभी राहून सांगत होती, ‘सायेब, मी तर नांदतेच म्हणायलेय, त्येच नांदवीनात.’ पण कागद आधी बोलून बसला होता. ती एक ओळ निस्तरता निस्तरता वर्ष गेलं. त्या वर्षभरात ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती.

‘नांदणे’ या शब्दाकडे जरा थांबून बघा. गाव सुखाने नांदतं, गोकुळ नांदतं, लग्नात सगळे म्हणतात ‘सुखाने नांदा’. त्या आशीर्वादात नवरा-बायको दोघंही असतात. पण लग्न मोडायला आलं की पुरुषाबद्दल ‘तो नांदत नाही’ असं कोणी म्हणत नाही. मग नांदते ती फक्त बाई, आणि पुरुष नांदवतो किंवा नांदवत नाही. घर कोणाचं आणि त्यात राहू द्यायचं की नाही हे कोण ठरवतं, ते सगळं त्या क्रियापदाच्या पोटात आहे. तिथे ‘सहवास’ किंवा ‘वैवाहिक संबंध’ असं काही लिहिलं, की हे सगळं पुसलं जातं.

तसाच ‘बसणे’. ‘दोन वर्षं झालं माहेरी बसलेय’ असं बाई म्हणते. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, माहेरी निवांत आहे. तिच्या तोंडी ‘बसलेय’ म्हणजे परत पाठवलेली, अडकून पडलेली. कामाच्या दृष्टीने ती एक मिनिट बसलेली नसते. म्हणून मी लिहितो: ‘पतीने घराबाहेर काढल्यामुळे अर्जदार दोन वर्षांपासून माहेरी बसून आहे व रोजंदारी करते.’ तिचा ‘बसून’ ठेवतो, पण त्याच्या आधी कारण लावतो. ‘टाकलेली’ या शब्दाचंही तेच. कार्यालयात ‘परित्यक्ता’ लिहितात. योजनेच्या फॉर्मवर तो रकाना असेल तर तो भराच, पण मजकुरात ‘पतीने टाकून दिले’ हे राहू द्या. त्या तीन शब्दांत करणारा कोण ते दिसतं.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘निम्मं कळत नाही’कडे येतो. ‘कामून’ म्हणजे का. ‘मपलं’ म्हणजे माझं, ‘तुपलं’ म्हणजे तुझं. ‘येरवाळी’ म्हणजे दिवस फार वर यायच्या आत. हे महिनाभरात कानाला बसेल, त्याची काळजी करू नका. न कळणाऱ्या शब्दाला आपण थांबतो आणि विचारतो. मला भीती वाटते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची, कारण तिथे आपण विचारतच नाही.

एक उदाहरण अगदी नीट लक्षात ठेवा. इकडची बाई म्हणते, ‘त्यो पिऊन मला मारायलाय.’ पुण्याच्या कानाला हे ‘मारायला आलाय’ असं ऐकू येतं. तिकडे ‘-आयला’ म्हणजे हेतू: खायला दे, बघायला ये. आमच्याकडे ‘मारायलाय’ हा सरळ चालू काळ आहे. ‘काय करायलास?’ ‘जेवायलोय.’ लातूर-उदगीरकडे गेलात तर ‘करलालाय’, ‘मारलालाय’ असंही ऐकाल. म्हणजे ती सांगत असते की तो मारतो आहे, मारणं सुरू आहे. मी स्वतः एक जबाब वाचलाय ज्यात बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या लिहिणाऱ्याने ‘दारू पिऊन मला मारण्यासाठी आला’ असं लिहून ठेवलं होतं. रोज होणारी मारहाण त्या एका ओळीत एका दिवसाची धमकी होऊन गेली. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. त्याने त्याच्या घरचं व्याकरण लावलं, इतकंच.

म्हणून क्रियापद ऐकलं की काळ विचारा. ‘मारायलाय म्हणजे कवापासून? काल मारलं का? त्याच्या आधी कवा?’ मग तारखा येतात, सणवार येतात, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिशी’ असं येतं. तेही तसंच लिहा आणि कंसात तारीख काढा.

‘रान’ हा दुसरा फसवा शब्द. ‘मी रानात होते’ म्हणजे मी शेतात होते. जंगल इथे फार लांब आहे. ‘मालक’ म्हणजे कधी सालगड्याचा धनी, कधी बाईचा नवरा. ‘पाणी गेलं’ म्हणजे विहिरीचं पाणी आटलं. आणि ‘सायेब, त्यानं माझ्यावर हात टाकला’ या वाक्याला तर पुढे कधीच आपल्या मनाने जाऊ नका. हात टाकणे म्हणजे मारणं, धरणं की त्याहून काही वाईट, हे त्या बाईलाच, शक्यतो एकटीला बसवून, दुसऱ्या बाईमाणसाकरवी विचारा. मृत्युपूर्व जबाब शक्यतो त्या माणसाच्याच शब्दांत असावा असं न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. मरणाऱ्याला जो मान, तोच जगणाऱ्याला द्यायला काय हरकत आहे?

‘गावंढळ दिसतं’ असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल मनापासून बोलतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा पीक सल्ला कधी वाचा. त्यात ‘वापसा आल्यानंतर’ असं छापलेलं सापडेल. पावसानंतर जमिनीत ओल असते, पण चिखल नसतो, पाय रुतत नाही, तिफण चालते, त्या अवस्थेला आमचा शेतकरी वापसा म्हणतो. शास्त्रज्ञांना तेवढ्या नेमकेपणाने सांगायला त्याहून छोटा शब्द सापडला नाही, म्हणून त्यांनी तोच घेतला. कोणाला तो गावंढळ वाटत नाही. आपल्या अर्जालाही तो हक्क आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडं याच गोदाकाठच्या बोलण्यातून उभी केली, गंगाखेडच्या जनाबाईने जात्यावरच्या शब्दांत देवाशी भांडण मांडलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद मला फार झाला. पण तो दर्जा ज्या तोंडांनी टिकवला, तीच तोंडं माझ्या टेबलासमोर येऊन ‘आमाला नीट बोलता येत नाय’ म्हणून माफी मागतात, तेव्हा माझ्या पोटात तुटतं.

दुसरी बाजूही खरी आहे. कार्यालयाचे शब्द आपल्याला सोडता येत नाहीत, कारण दार त्यांनीच उघडतं. पण ते शब्द समोरच्याला कसे ऐकू येतात, हे माहीत हवं. एका म्हाताऱ्याला नोटीस आली, त्यावर ‘गैरअर्जदार क्र. २’ असं नाव. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘मी काय गैर केलं?’ गैर म्हणजे वाईट, एवढंच त्याला ठाऊक. ‘ज्याच्याविरुद्ध अर्ज केलाय तो’ इतकाच अर्थ आहे, हे समजावायला अर्धा तास लागला. पोलिसांच्या कागदातला ‘इसम’ बघा. अरबीत इस्म म्हणजे नाव. आपल्याकडे ज्याचं नाव माहीत नाही त्यालाच ‘अनोळखी इसम’ म्हणतात. ‘फिर्याद’ ही मुळात फारसीतली मदतीची हाक. माणूस ओरडून आला होता, हे त्या शब्दात अजून आहे, आपण ते विसरलोय.

या फारसी-अरबी शब्दांवर मराठवाड्यात नाक मुरडू नका. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तोवर इथलं सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. सात दशकं उलटली तरी आमच्याकडे कोर्टाची तारीख ‘पेशी’च आहे. मंडळ अधिकाऱ्याला जुने लोक ‘गिरदावर’ म्हणतात. ‘पेशी कवा हाय?’ असं विचारलं तर ‘सुनावणी बावीस तारखेला आहे’ असं उत्तर देऊ नका. ‘पेशी बावीसला’ म्हणा. शब्द दुरुस्त करायला तो आलेला नसतो, तारीख चुकू नये म्हणून आलेला असतो.

त्या काळाची एक गाठ रोज सोडवावी लागते, ती नावांची. उर्दू लिपीत ळ नाही, ण नाही. बाळू तिथे बालू होतो, माळी माली होतो, कुणबीचा कुनबी होतो. उर्दूतून कोणीतरी कधीतरी मराठीत उतरवताना ते तसंच राहिलं. आता नातवाच्या हातात १९५४-५५ चा खासरा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, असतो, त्यात ‘बालू’. आजोबाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘बाळू’. मग ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं शपथपत्र. एका अक्षरासाठी साक्षीदार आणायचे, बॉण्ड घ्यायचा, दोन दिवस बुडवायचे. २०२३ पासून मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधायला लोकांची जी झुंबड उडाली, ती सगळ्यांनी पाहिली. रकान्यातला एक शब्द पोराच्या शिक्षणाचं आणि नोकरीचं काय करू शकतो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून नाव लिहिताना घाई करू नका. विचारा, घरी काय म्हणतात, शाळेत काय आहे, सातबाऱ्यावर काय आहे. तिन्ही लिहा: ‘बाळू ऊर्फ बालू’. हा ‘ऊर्फ’ फार उपकारी शब्द आहे.

बॉण्डचं निघालंच आहे तर तेही सांगतो. मुद्रांक कागदाला इकडे कोणी मुद्रांक म्हणत नाही, बॉण्ड म्हणतात. आणि बॉण्ड या शब्दाला गावात कायद्याचं वजन आलंय. ‘बॉण्डवर केलंय’ म्हटलं की विषय संपला, असं लोकांना वाटतं. त्यातून सर्वात जास्त नुकसान होतं ते ‘बॉण्डवर फारकत’ घेतलेल्या बायकांचं. पंच बसतात, बॉण्डवर लिहितात की आजपासून दोघांचा संबंध नाही, अंगठे होतात. जुना शब्द ‘काडीमोड’, म्हणजे काडी मोडली की झालं. हिंदू विवाह कायद्यात, त्या समाजाची तशी रूढी सिद्ध झाल्याशिवाय, असा घटस्फोट चालत नाही. पाच वर्षांनी ती बाई पोटगी मागायला येते किंवा तो दुसरं लग्न करून बसलेला असतो आणि मग कळतं की तो कागद कोराच होता. असे कागद लिहून मागायला माझ्याकडेही येतात. मी लिहीत नाही. मी सांगतो, फारकत कोर्ट देतं, मी फक्त बॉण्ड विकतो. काही जण चिडून दुसऱ्या टेबलाकडे जातात. जाऊ द्यावं.

आता ज्या वाक्यापाशी तुम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबावं असं मला वाटतं, त्याकडे येतो. ‘नाव कमी करायचंय.’

बाप वारला की महिन्या-दोन महिन्यांत भाऊ येतो, मागे दोन बहिणी. भाऊ म्हणतो, ‘काका, बहिणींची नावं कमी करायचीत.’ किती साधं वाक्य आहे! जसं काही यादीतून एक ओळ खोडायची आहे, भाजीत मीठ कमी करायचं आहे. जमीन हा शब्द नाही, हिस्सा नाही, देणं नाही, सोडणं नाही. कागदावर हेच ‘हक्कसोडपत्र’ असतं आणि त्या शब्दात निदान हक्क आणि सोडणं दोन्ही दिसतात. बोलण्यात दोन्ही लपवले जातात. बहिणीला घरून सांगितलेलं असतं, ‘फक्त सही द्यायची हाय.’ तीही मान डोलावते.

कायदा काय आहे तो तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो आला. बाप तेव्हा जिवंत होता की नव्हता यावर तो हक्क अवलंबून नाही, हे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. हे सगळं आहे. पण ‘नाव कमी करणे’ हे तीन शब्द या सगळ्या तारखांपेक्षा बळकट निघतात, कारण ते घरातले शब्द आहेत. कोणी बहिणीला ‘हक्क सोड’ म्हणत नाही. म्हणतात, ‘माहेर तुटू देऊ नको’, ‘दिवाळीला साडी-चोळी हायेच’, ‘भावाचं रान मोडायचंय का तुला?’ एकेक शब्द असा निवडलेला असतो की नाही म्हणणारी बहीणच वाईट ठरावी.

मी अशा वेळी काय करतो ते सांगतो. भावाला चहाला पाठवतो. बहिणीला विचारतो, ‘ताई, किती एकर हाय?’ बहुतेक वेळा तिला माहीत असतं, अगदी गुंठ्यासकट, विहीर कुठल्या बांधाला आहे तेसुद्धा. मग म्हणतो, ‘त्यात तुमचा हिस्सा एवढा होतो. हा कागद झाला की तो भावाचा होईल, परत मागता येणार नाही. असं करायचंय का?’ मी ‘नाव’ आणि ‘कमी’ हे दोन्ही शब्द तोंडातून काढत नाही. एकदा एक पन्नाशीची बाई बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मला वाटलं, रेशनकार्डावरलं नाव कमी करायलेत.’ तिची थट्टा करू नका. लग्नानंतर रेशनकार्डावरचं नाव खरंच कमी होतं, तेव्हाही हेच शब्द वापरतात, तेव्हाही सहीच घेतात. तिने ओळखीच्या शब्दाला ओळखीचा अर्थ लावला होता. त्या दिवशी कागद झाला नाही. पुढे त्या घरात काय झालं ते मला ठाऊक नाही, भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

काही बहिणी सगळं समजूनही सही करतात. त्यांचा निर्णय त्यांचा. आपलं काम एवढंच, की सही करताना तिच्या मनात तोच अर्थ असावा जो कागदात आहे. आणि तलाठ्याकडे नुसता अर्ज देऊन नाव कमी झालं असेल, तर घाबरून जाऊ नका. स्थावरातला हक्क नोंदणीकृत दस्ताशिवाय असा सोडता येत नाही. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. तारीख बघा आणि हरकत टाका. ‘हरकत’ म्हणजे भांडण नव्हे, हेही तिला सांगावं लागतं.

ऊसतोडीच्या कागदांत तर बाई शब्दातूनच गायब असते. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. आगाऊ पैसे म्हणजे ‘उचल’, ते घ्यायचे ‘अंगावर’. कर्ज म्हटलं तर व्याज, हिशोब, पावती असं काही डोक्यात येतं. उचल म्हटलं की नुसता हात पुढे झाल्यासारखं वाटतं. कागदावर येतं: ‘एक कोयता, उचल इतकी’, आणि खाली नाव, अंगठा पुरुषाचा. मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी, पहाटे उठून भाकरी थापणारी त्या ओळीत कुठेच नाही. फेड मात्र तिच्याही अंगावर असते. असा कागद माझ्याकडे आला तर मी ‘एक कोयता, म्हणजे अमुक व त्यांची पत्नी अमुक’ असं लिहितो आणि मजुरीत दोघांचा वाटा आहे हे घालतो. मुकादम म्हणतो, एवढं लिहायची पद्धत नाही. मी म्हणतो, पद्धत नसली तरी माणसं दोन आहेत.

‘खाडा’ म्हणजे चुकलेला दिवस, त्याचे पैसे कापले जातात. पाळी, दुखणं, बाळंतपण सगळं खाड्यात जमा. याच भागात ‘पिशवी’ हा शब्द ऐकाल. पूर्ण शब्द गर्भपिशवी. बोलता बोलता गर्भ गळला आणि पिशवी राहिली. ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ हे वाक्य किती सोपं होतं बघा, घरात पिशवी फाटली तर आपण टाकूनच देतो. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. यामागे गरिबी आहे, खाड्याची भीती आहे, दवाखान्यांचा लोभ आहे. एका शब्दावर मी खापर फोडत नाही. पण त्या सोप्या शब्दाने वाट आणखी सोपी केली, असं मला वाटतं. अशा बाईचा अर्ज लिहाल तेव्हा ‘गर्भाशय’ लिहून थांबू नका, तिला वाचून दाखवल्यावर तो शब्द कळणार नाही. ‘गर्भपिशवी’ लिहा. तो तिलाही कळतो, वाचणाऱ्यालाही, आणि गळलेला गर्भ परत जागेवर येतो.

नुकसानीच्या अर्जांबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, मांजरा फुगल्या तेव्हा माझ्यापुढे दिवसभर रांग होती. प्रत्येकाचं वाक्य एकच, ‘रान गेलं, सायेब.’ पंचनाम्यात ‘रान गेलं’ असा रकाना नसतो. पीक गेलं असेल तर ते ३३ टक्क्यांच्या वर गेलंय का ते बघतात. माती वाहून गेली असेल तर ‘जमीन खरडून जाणे’, गाळ येऊन बसला असेल तर ‘गाळ साचणे’, आणि या तिन्हीची मदत वेगवेगळी. ज्याचं सगळंच गेलंय तो एका दमात ‘गेलं’ म्हणतो. त्याला हळूच विचारावं, ‘सोयाबीन कुजलं का? माती राहिली का? खाली मुरूम दिसायलाय का?’ मुरूम दिसतोय म्हणाला की लिहा, ‘जमीन खरडून मुरूम उघडा पडला आहे.’ इथे कार्यालयाचाच शब्द त्याच्या कामाचा आहे, तो न चुकता वापरा.

शेवटी वाचून दाखवणं. हे मी कधीच टाळत नाही, रांग कितीही असो. मोठ्याने, सावकाश, आणि चेहऱ्याकडे बघत. जिथे भुवई हलते तिथे थांबतो. लोक ‘हाव, हाव’ म्हणत राहतात, त्या ‘हाव’वर विसंबू नका. तो ‘ऐकायलोय’ असा हाव असतो, ‘बरोबर आहे’ असा नसतो. मी विचारतो, ‘तुमी तुमच्या भावकीत हेच कसं सांगाल?’ तेव्हा जे वाक्य येतं त्यात माझी चूक सापडते.

शब्दकोश कोणता घ्यावा असंही तुम्ही विचारलं होतं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश जवळ ठेवा, त्यात पुष्कळ बोली शब्द आहेत. पण एक साधी वहीही करा. माझ्या वहीत मागच्या आठवड्यात एक शब्द परत लिहिला, आधी लिहिलेला असूनही. ‘धकतंय.’ पोटगीच्या चौकशीत बाईला विचारतात, ‘तुमचं भागतं का?’ ती म्हणते, ‘धकतंय कसंतरी.’ तिला हात पसरायचा नसतो, समोर चार पुरुष उभे असतात, म्हणून ती असं म्हणते. तिथे ‘अर्जदाराचा उदरनिर्वाह होतो’ असं लिहू नका. तिच्या जवळ जा आणि विचारा, काल रात्री घरात काय शिजलं होतं, आणि ती सांगेल ते लिहा.